हायड्रेंजिया

हायड्रेंजिया हे हायड्रेंजिएसी कुलातील, मोठ्या व गोलाकार फुलोऱ्यांसाठी प्रसिद्ध असलेले एक पानझडी झुडूप आहे. हायड्रेंजिया या प्रजातीत सुमारे ७५ जातींचा समावेश होतो. त्यांपैकी जपानमधील हायड्रेंजिया मॅक्रोफायला ही जाती घरगुती बागांमध्ये आणि कुंड्यांमध्ये सर्वाधिक लावली जाते. भारतातील रोपवाटिकांत केवळ 'हायड्रेंजिया' किंवा 'हायड्रेंजा' या नावाने विकले जाणारे झाड बहुधा याच जातीचे असते. जमिनीचा सामू बदलला की फुलांचा रंग निळ्याचा गुलाबी किंवा गुलाबीचा निळा होणे, हे या जातीचे सर्वांत लक्षणीय वैशिष्ट्य होय.

हे मूळचे थंड व दमट हवेतील झाड असल्यामुळे भारतात ते प्रामुख्याने सिमला, मसुरी, दार्जिलिंग, उटी, कोडईकनाल यांसारख्या गिरिस्थानांवर चांगले वाढते. मैदानी प्रदेशात जमीन, पाणी, सावली आणि छाटणीची वेळ यांची विशेष काळजी घेतल्यासच ते टिकते. त्याला दरवर्षी फुले येतीलच याची मात्र तेथे खात्री नसते.

## नाव

'हायड्रेंजिया' हे नाव पाणी व भांडे या अर्थांच्या दोन ग्रीक शब्दांपासून बनले आहे. या झाडाच्या लहान फळाचा आकार पाण्याच्या भांड्यासारखा दिसतो, त्यावरून ते पडले. कार्ल लिनियस यांनी १७५३ मध्ये उत्तर अमेरिकेतील हायड्रेंजिया आर्बोरेसन्स या जातीच्या वर्णनात हे नाव वापरले. जपानी जातीचे वर्णन स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ कार्ल पीटर थुनबर्ग यांनी १७८४ मध्ये केले. परंतु त्यांनी तिला व्हायबर्नम या वेगळ्या प्रजातीत ठेवले होते. निकोलस सेरिंज यांनी १८३० मध्ये तिचा समावेश हायड्रेंजियात केला. 'मॅक्रोफायला' याचा अर्थ मोठ्या पानांची असा आहे.

युरोपातील अनेक भाषांत हे झाड 'हॉर्टेन्सिया' या नावाने ओळखले जाते. जपानी भाषेत त्याला 'अजिसाई' म्हणतात. मराठीत त्याला रूढ असे स्वतंत्र नाव नाही.

## वर्णन

हायड्रेंजिया मॅक्रोफायला हे साधारणतः १ ते २ मीटर उंचीचे, बुंध्यापासून अनेक फांद्या फुटणारे झुडूप आहे. पाने समोरासमोर, जाडसर, चकचकीत, दातेरी कडांची आणि १० ते २० सेंटिमीटर लांब असतात. थंड प्रदेशात हिवाळ्यात पाने गळतात. उष्ण प्रदेशात पानगळ अपुरी होते किंवा होतही नाही.

ज्या भागाला सर्वसाधारणपणे पाकळ्या म्हटले जाते, ती वास्तविक निदले असतात. निदल म्हणजे इतर बहुतेक फुलांत कळीला झाकणारे, सहसा हिरवे असणारे दल. हायड्रेंजियाच्या फुलोऱ्यात दोन प्रकारची फुले असतात. मोठ्या रंगीत निदलांची फुले शोभेची व बहुधा वंध्य असतात. लहान, नाजूक फुले प्रजननक्षम असतात. या दोन प्रकारांच्या मांडणीवरून बागेतील वाणांचे दोन गट केले जातात.

* मॉपहेड गट : यात जवळजवळ सर्व फुले मोठ्या निदलांची असल्यामुळे फुलोरा भरगच्च चेंडूसारखा दिसतो. बाजारात मिळणारी बहुतेक झाडे या गटातील असतात.
* लेसकॅप गट : यात मध्यभागी लहान प्रजननक्षम फुलांचा चपटा समूह आणि त्याच्या कडेने मोठ्या फुलांचे कडे असते. निसर्गात वाढणाऱ्या झाडांचे रूप असेच असते.

निदले पाकळ्यांप्रमाणे लवकर गळून पडत नसल्यामुळे फुलोरा झाडावर अनेक आठवडे टिकतो. जुना होताना तो हिरवट किंवा तांबूस छटा धारण करतो. हा बदल वयोमानानुसार होतो. त्याचा जमिनीच्या सामूशी संबंध नसतो.

## इतिहास व प्रसार

हायड्रेंजिया मॅक्रोफायला ही जाती जपानच्या होन्शू बेटाच्या पॅसिफिक किनाऱ्यालगतच्या प्रदेशात नैसर्गिकरीत्या वाढते. जपानी बागांतून तिची लागवड प्राचीन काळापासून होत आली आहे. तेथे ही फुले जून महिन्याच्या सुमारास, पावसाळ्यात फुलतात आणि त्या ऋतूचे प्रतीक मानली जातात. कामाकुरा येथील मेइगेत्सु-इन हे बौद्ध मंदिर हायड्रेंजियाच्या झुडपांसाठी प्रसिद्ध आहे.

अठराव्या शतकाच्या अखेरीस चीनमधील बागांतून आणलेले रोप सर जोसेफ बँक्स यांच्यामार्फत इंग्लंडमधील क्यू येथील राजोद्यानात पोहोचले. नागासाकीजवळील देजिमा या डच व्यापारी ठाण्यावर १८२३ मध्ये आलेले जर्मन वैद्य फिलिप फ्रांत्स फॉन सिबोल्ट यांनी जपानी हायड्रेंजियांचा सविस्तर अभ्यास केला. त्यांनी एका प्रकाराला 'ओताक्सा' असे नाव दिले. हे नाव त्यांची जपानी सहचरी कुसुमोतो ताकी हिच्या 'ओताकी-सान' या संबोधनावरून घेतले होते. अजिसाई हे आज नागासाकी शहराचे अधिकृत फूल आहे.

विसाव्या शतकाच्या प्रारंभी फ्रान्समध्ये संकराद्वारे अनेक नवे वाण तयार झाले. १९०९ मधील 'मादाम एमिल मुइलेर' हा पांढऱ्या फुलांचा वाण अद्याप लागवडीत आहे. पोर्तुगालच्या अझोरेस द्वीपसमूहात ज्वालामुखीजन्य आम्लधर्मी जमिनीमुळे हायड्रेंजिया निळ्या रंगात फुलतो. तेथील फायाल बेट या फुलांच्या कुंपणांमुळे 'निळे बेट' म्हणून ओळखले जाते.

हायड्रेंजिया हेटेरोमाला, हायड्रेंजिया रोबुस्टा यांसारख्या काही जाती हिमालयात नैसर्गिकरीत्या आढळतात. परंतु भारतातील बागांत मुख्यत्वे जपानी जातीचेच वाण लावले जातात.

## फुलांच्या रंगाचे रसायनशास्त्र

लिटमस कागद आम्लात लाल आणि अल्कधर्मी द्रावणात निळा होतो. हायड्रेंजियाच्या बाबतीत याउलट घडते. आम्लधर्मी जमिनीत फुले निळी, तर विम्लधर्मी जमिनीत गुलाबी येतात. याचे कारण असे की जमिनीतील आम्लाची फुलातील रंगद्रव्यावर थेट क्रिया होत नाही. रंग ठरवणारा घटक अ‍ॅल्युमिनियम हा आहे. तो झाडाला उपलब्ध होणार की नाही, हे मात्र जमिनीचा सामू ठरवतो.

निळ्या व गुलाबी अशा दोन्ही फुलांत डेल्फिनिडिन गटातील एकच अँथोसायनिन रंगद्रव्य असते. निदलांच्या पेशींत अ‍ॅल्युमिनियमचे आयन पोहोचले की ते हे रंगद्रव्य आणि त्याच्यासोबत असणारी काही रंगहीन सहरंगद्रव्ये यांच्याशी संयोग पावतात आणि निळा जटिल तयार होतो. अ‍ॅल्युमिनियम न पोहोचल्यास तेच रंगद्रव्य गुलाबी किंवा तांबडे दिसते.

अ‍ॅल्युमिनियम जवळजवळ सर्व जमिनींत विपुल असते. सामू साधारण ५.५ च्या खाली असताना ते पाण्यात विरघळते आणि मुळे ते शोषू शकतात. सामू वाढला की ते अविद्राव्य रूपात अडकून राहते. स्फुरदयुक्त खतांचा अतिरेक झाल्यासही अ‍ॅल्युमिनियम स्फुरदाशी बांधले जाते व फुले गुलाबीकडे झुकतात. सर्वसाधारण संबंध पुढीलप्रमाणे आहे :

* सामू ५.५ किंवा कमी : निळी फुले
* सामू ५.५ ते ६.५ : जांभळी किंवा मिश्र छटांची फुले
* सामू ६.५ पेक्षा अधिक : गुलाबी फुले

विद्राव्य अ‍ॅल्युमिनियम अनेक पिकांच्या मुळांना घातक ठरते. हायड्रेंजिया ते पानांमध्ये सायट्रिक आम्लाशी बांधून निरुपद्रवी स्वरूपात साठवतो. पांढऱ्या फुलांच्या वाणांत हे रंगद्रव्य नसल्यामुळे त्यांचा रंग सामूने बदलत नाही. काही गडद लाल वाणही पूर्ण निळे होत नाहीत. ते जांभळ्या छटेपर्यंतच पोहोचतात.

## लागवड

### हवामान

हायड्रेंजियाला सौम्य उन्हाळा, दमट हवा आणि थंड हिवाळा मानवतो. पुढील हंगामाच्या फुलकळ्या तयार होण्यासाठी तापमान काही आठवडे साधारण १८ अंश सेल्सियसच्या खाली असावे लागते. कळ्या धरल्यानंतर त्या नीट उमलण्यासाठी अधिक थंडीचा विश्रांतिकाळ लागतो. त्यामुळे सतत उष्ण असणाऱ्या प्रदेशात झाड पानांनी हिरवेगार राहते, परंतु फुलत नाही.

महाराष्ट्रात महाबळेश्वर-पाचगणीसारखी सह्याद्रीच्या माथ्यावरील ठिकाणे उंची, थंडी आणि जांभ्यापासून बनलेली आम्लधर्मी तांबडी माती या तिन्ही दृष्टींनी अनुकूल आहेत. पुणे व नाशिक परिसरात हिवाळ्यातील रात्री पुरेशा थंड असल्यामुळे सावलीच्या जागी प्रयत्न करता येतो. कोकण, मुंबई व गोवा येथे माती आम्लधर्मी असली, तरी हिवाळा उबदार असतो. त्यामुळे तेथे हे झाड बहुधा एका हंगामापुरते, फुललेल्या अवस्थेत आणून ठेवले जाते.

### जागा

सकाळचे दोन ते चार तासांचे कोवळे ऊन आणि दुपारनंतर सावली मिळेल, अशी जागा उत्तम ठरते. घराच्या पूर्वेकडील बाजू, मोठ्या झाडाची विरळ सावली किंवा शेडनेटखालील जागा निवडली जाते. दुपारच्या उन्हाने पानांच्या कडा करपतात आणि फुले तपकिरी पडतात. पूर्ण सावलीत मात्र फुले कमी येतात. जमिनीत लावताना दोन झाडांत १ ते १.५ मीटर अंतर ठेवतात.

### जमीन व कुंडी

सेंद्रिय पदार्थांनी समृद्ध, ओलावा धरणारी पण पाण्याचा निचरा होणारी जमीन आवश्यक असते. दख्खन पठारावरील काळी माती या झाडाला मानवत नाही. ती चिकण असल्यामुळे पावसाळ्यात मुळांशी पाणी साचते. तिच्यात चुनखडी असल्यामुळे सामूही जास्त असतो. अशा ठिकाणी जमिनीचा सामू बदलण्याचा प्रयत्न फार काळ टिकत नाही, कारण चुनखडी घातलेले आम्ल पुन्हा उदासीन करते. त्यामुळे कुंडीत वेगळे मिश्रण वापरणे अधिक सोयीचे ठरते.

कुंडी ३० ते ३५ सेंटिमीटर व्यासाची आणि तळाला पुरेशी छिद्रे असलेली असावी. तांबडी माती, चांगले कुजलेले पानांचे खत किंवा कंपोस्ट आणि कोकोपीट समप्रमाणात घेऊन त्यात थोडी जाड वाळू किंवा परलाइट मिसळतात. कोकोपीट वापरण्यापूर्वी धुऊन त्यातील क्षार काढून टाकणे इष्ट असते. रोप आधीच्या पिशवीत ज्या खोलीवर होते, त्याच खोलीवर लावतात. खोड अधिक खोल पुरल्यास ते कुजू शकते.

### पाणी

मोठ्या पानांतून बाष्पोत्सर्जन जलद होत असल्यामुळे या झाडाला पाणी अधिक लागते. माती सतत ओलसर असावी, परंतु चिखल होऊ नये. उष्ण दुपारी माती ओली असतानाही पाने मलूल होऊन लोंबतात व संध्याकाळी आपोआप ताठ होतात. ही पाण्याची टंचाई नसून बाष्पोत्सर्जनाचा वेग मुळांच्या शोषणापेक्षा अधिक झाल्याचे लक्षण असते. अशा वेळी माती न तपासता पुन्हा पाणी घातल्यास मुळे कुजतात. सकाळीही पाने मलूल दिसल्यास मात्र पाणी कमी पडत आहे किंवा मुळांना इजा झाली आहे, असे समजावे.

विहीर किंवा कूपनलिकेच्या कठीण पाण्यात विरघळलेले चुन्याचे क्षार प्रत्येक पाण्याबरोबर मातीचा सामू थोडाथोडा वाढवतात. निळी फुले हवी असल्यास साठवलेले पावसाचे पाणी वापरणे हितावह असते. बुंध्याभोवती पालापाचोळ्याचे ५ ते ७ सेंटिमीटर जाडीचे आच्छादन केल्यास ओलावा टिकतो. ते खोडाला चिकटणार नाही याची काळजी घेतात.

### खते

वाढीच्या काळात कंपोस्ट, गांडूळ खत किंवा संतुलित मिश्रखत अल्प प्रमाणात दिले जाते. नत्र जास्त झाल्यास पाने वाढतात व फुले कमी होतात. निळ्या फुलांसाठी सुपर फॉस्फेट व हाडांचा चुरा टाळला जातो. थंडी सुरू झाल्यावर खत देणे थांबवतात.

### रंग बदलण्याचे उपाय

फुले निळी करण्यासाठी अ‍ॅल्युमिनियम सल्फेट वापरले जाते. साधारण ४ लिटर पाण्यात एक मोठा चमचा या प्रमाणात द्रावण करून ते महिन्यातून एकदा, कळ्या दिसू लागण्याच्या आधीपासून, आधीच ओल्या असलेल्या मातीत घालतात. पानांवर ते पडू देत नाहीत. भारतात सहज मिळणारी तुरटी हाही अ‍ॅल्युमिनियमचाच क्षार असल्यामुळे तिचा उपयोग होतो. मात्रा जास्त झाल्यास मुळे जळतात, म्हणून कमी प्रमाणापासून सुरुवात करतात. गंधकाने सामू कमी होतो, पण ही क्रिया जिवाणूंमार्फत होत असल्याने तिला काही महिने लागतात. फुले गुलाबी ठेवण्यासाठी मातीत थोडा विरवलेला चुना किंवा डोलोमाइट मिसळतात.

पूर्ण उमललेल्या फुलांचा रंग या उपायांनी बदलत नाही. परिणाम पुढील बहरात दिसतो. गंजलेले खिळे मातीत पुरण्याचा उपाय सर्वत्र सांगितला जातो, परंतु त्यातून लोह मिळते, अ‍ॅल्युमिनियम नव्हे. कॉफीचा चोथा सेंद्रिय खत म्हणून उपयुक्त असला, तरी केवळ त्याने गुलाबी फुले निळी होत नाहीत.

## छाटणी

हायड्रेंजिया मॅक्रोफायलाच्या बहुतेक वाणांना फुले आदल्या वर्षीच्या फांद्यांवर येतात. फुलकळ्या पावसाळा संपल्यानंतरच्या थंड दिवसांत फांद्यांच्या टोकांशी तयार होतात आणि हिवाळाभर सुप्त राहतात. म्हणून छाटणी बहर ओसरताच, पावसाळ्यातच उरकावी लागते. वाळलेल्या फुलोऱ्याखालील पहिल्या सशक्त डोळ्यांच्या जोडीपर्यंत फांदी कापतात. फार जुन्या, अशक्त किंवा एकमेकींवर घासणाऱ्या काही फांद्या बुंध्याशी काढून टाकतात.

महाराष्ट्रात गुलाबाची छाटणी साधारणतः ऑक्टोबरमध्ये केली जाते. त्याच वेळी हायड्रेंजियाही छाटला गेल्यास तयार होत असलेल्या कळ्या कापल्या जातात आणि पुढील वर्षी फुले येत नाहीत. निरोगी झाड न फुलण्याचे हे एक प्रमुख कारण आहे.

हायड्रेंजिया पॅनिक्युलाटा व हायड्रेंजिया आर्बोरेसन्स या जातींना मात्र त्याच वर्षीच्या नव्या फुटीवर फुले येतात. त्यांची छाटणी हिवाळ्याच्या अखेरीस करतात. २००४ मध्ये बाजारात आलेल्या 'एंडलेस समर' या मॅक्रोफायला वाणाला जुन्या व नव्या अशा दोन्ही फांद्यांवर फुले येतात.

## फुले न येण्याची कारणे

* अयोग्य वेळी केलेली छाटणी
* हिवाळ्यात पुरेशी थंडी न मिळणे
* दाट सावली
* नत्रयुक्त खतांचा अतिरेक
* डोंगराळ प्रदेशात हिमतुषाराने कळ्या मरणे

भेट म्हणून मिळालेली फुललेली कुंडी दुसऱ्या वर्षी न फुलणे ही सर्वत्र आढळणारी तक्रार आहे. व्यापारी उत्पादनात ही झाडे शीतगृहात ठराविक आठवडे ठेवून नंतर उबदार हरितगृहात फुलवली जातात. त्यांची उंची मर्यादित ठेवण्यासाठी वाढरोधक रसायनेही वापरली जातात. घरी आल्यावर त्यांचा परिणाम ओसरतो, झाड उंच वाढते आणि थंडीचा कालखंड न मिळाल्यास कळ्या धरत नाही.

## अभिवृद्धी

बियांपासून आलेली रोपे मातृवृक्षासारखी निघत नसल्यामुळे अभिवृद्धी छाट कलमाने करतात. फूल नसलेल्या कोवळ्या फांदीचा १० ते १५ सेंटिमीटर लांबीचा तुकडा पेराच्या लगेच खाली कापतात. खालची पाने काढून वरची मोठी पाने अर्धी कापतात, जेणेकरून बाष्पोत्सर्जन कमी होईल. हा तुकडा ओलसर वाळू व कोकोपीटच्या मिश्रणात सावलीत ठेवतात. दमट हवेत दोन ते चार आठवड्यांत मुळे फुटतात. त्यामुळे महाराष्ट्रात पावसाळा हा यासाठी सोयीचा काळ ठरतो. जमिनीलगतची फांदी वाकवून मातीत दाबण्याची दाब कलमाची पद्धतही यशस्वी होते.

## रोग, किडी व विकृती

लोहाची कमतरता : विम्लधर्मी मातीत कोवळी पाने पिवळी पडतात, परंतु शिरा हिरव्या राहतात. जमिनीत लोह असूनही ते मुळांना उपलब्ध होत नसल्यामुळे असे घडते. चिलेटयुक्त लोह किंवा हिराकस दिल्याने तात्पुरता आराम पडतो. कायमचा उपाय सामू कमी करणे हाच असतो.

बुरशीजन्य रोग : भुरी रोगात पानांवर पांढरी पूड दिसते. पानांवरील जांभळट-तपकिरी ठिपके आणि फुलांवरील राखाडी बुरशी दमट हवेत वाढतात. झाडात हवा खेळती ठेवणे, पानांवर पाणी न मारता बुंध्याशी देणे आणि रोगट पाने नष्ट करणे हे प्राथमिक उपाय आहेत.

किडी : कोरड्या उन्हाळ्यात लाल कोळी, तर इतर वेळी मावा, पिठ्या ढेकूण व खवले कीड आढळतात. पावसाळ्यात गोगलगायी कोवळी पाने खातात. सौम्य प्रादुर्भावात पाण्याचा फवारा किंवा निंबोळी तेलाचे द्रावण वापरले जाते.

## विषारीपणा

झाडाची पाने, कळ्या व फुले पोटात गेल्यास मळमळ, उलट्या व पोटदुखी होऊ शकते. कुत्री, मांजरे, घोडे व गुरे यांनाही ते बाधते. जपानमध्ये २००८ साली सजावटीसाठी ताटात ठेवलेली हायड्रेंजियाची पाने खाल्ल्यामुळे विषबाधेच्या घटना घडल्या होत्या. केकवर किंवा अन्नपदार्थांवर ही फुले ठेवणे त्यामुळे टाळले जाते. काही व्यक्तींच्या त्वचेला झाडाच्या स्पर्शाने दाह होतो. छाटणी करताना हातमोजे वापरणे योग्य ठरते.

जपानमध्ये एका विशिष्ट प्रकाराची पाने आंबवून व वाळवून 'अमाचा' हे गोड पेय बनवतात आणि बुद्धजयंतीला ते बुद्धमूर्तीवर ओततात. त्याची गोडी फायलोड्युल्सिन या द्रव्यामुळे असते. बागेतील सामान्य हायड्रेंजियाची पाने या पेयासाठी वापरता येत नाहीत.

## उपयोग

बागेतील शोभेच्या झुडपाव्यतिरिक्त हायड्रेंजिया पुष्पगुच्छांसाठी वापरला जातो. कापलेली फुले लवकर मलूल होतात. तथापि निदले पाणी शोषू शकत असल्यामुळे संपूर्ण फुलोरा काही वेळ थंड पाण्यात बुडवून ठेवल्यास तो बहुधा पुन्हा ताजा होतो. झाडावर जून होऊन कागदासारखे झालेले फुलोरे कापून वाळवले असता अनेक महिने टिकतात व शुष्क पुष्परचनेत वापरले जातात.

## हे सुद्धा पहा

* सामू
* अँथोसायनिन
* कलम
* जांभा खडक